जीवशास्त्रात पीएचडी करायची आहे? परीक्षा, गाईड, फेलोशिप आणि सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना अडणाऱ्या गोष्टी

बेळगाव : झूऑलॉजी, बॉटनी, मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींना दोन वाटा लगेच दिसतात. एक बी.एड. करून शाळेची, दुसरी औषध कंपनीतल्या क्वालिटी कंट्रोलची. तिसरी वाट पीएचडीची. पण ती नेमकी कशी असते, पैसे कोण देतं, किती वर्षं जातात, हे सांगणारं माणूस गावात सहसा भेटत नाही. मग कॉलेजातल्या सरांकडून अर्धवट ऐकलेलं, मोबाईलवर आलेलं आणि कोचिंग क्लासच्या जाहिरातीतलं, असं सगळं एकत्र करून निर्णय घेतला जातो. त्यात दोन-तीन वर्षं वाया जातात, आणि जेआरएफला वयाची अट असल्याने ही वर्षं महागात पडतात.

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करायला हवा. विज्ञानातल्या पूर्णवेळ पीएचडीसाठी घरचे पैसे घालायचे नसतात, फेलोशिप मिळवायची असते. प्रवेश आणि फेलोशिप या मात्र दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रवेश मिळाला म्हणजे पगार सुरू झाला असं नाही, आणि फेलोशिपची परीक्षा पास झाली म्हणजे सीट मिळाली असंही नाही. बहुतेक घोटाळा इथेच होतो.

नेट म्हणजे नक्की काय?

जीवशास्त्रासाठी सगळ्यात मोठी परीक्षा सीएसआयआर-यूजीसी नेट, विषय लाईफ सायन्सेस. सध्या ती एनटीए घेते. सत्रांची नावं जून आणि डिसेंबर, पण प्रत्यक्ष तारीख मागेपुढे होते, त्यामुळे जूनचीच वाट बघत बसू नये. पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. अ भागात सर्वसाधारण गणित-तर्काचे २० प्रश्न, त्यातले १५ सोडवायचे. ब भागात ५० पैकी ३५. क भागात ७५ प्रश्न असतात, त्यातले फक्त २५ सोडवायचे, पण एकेक चार गुणांचा. म्हणजे अर्धे गुण या २५ प्रश्नांवर. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव गुण कापले जातात. क भागात पाठांतर चालत नाही. प्रयोग दिलेला असतो, आलेख दिलेला असतो आणि निष्कर्ष विचारलेला असतो. आपल्या विद्यापीठांच्या दहा मार्कांच्या ‘टीप लिहा’ पद्धतीत शिकलेली मुलं नेमकी इथे अडकतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत किंवा कन्नडमध्ये नाही.

पात्रता एम.एस्सी.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गाला ५० टक्के. शेवटच्या वर्षाला असतानाही फॉर्म भरता येतो, आणि भरावाच. जेआरएफसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३० वर्षं असून महिला आणि राखीव प्रवर्गांना पाच वर्षांची सूट आहे. नुसत्या पीएचडी प्रवेशाला अशी वयाची अट नाही, हेही लक्षात असू द्यावं.

२०२४ पासून निकाल तीन गटांत लागतो. पहिल्या गटाला जेआरएफ, सहाय्यक प्राध्यापकाची पात्रता आणि पीएचडी प्रवेशाची पात्रता, असं सगळंच मिळतं. दुसऱ्या गटाला प्राध्यापकाची पात्रता आणि पीएचडी प्रवेश. तिसऱ्याला फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाच्या उमेदवारांसाठी विद्यापीठाने परीक्षेच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन द्यायचं असतं, आणि ते गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात. म्हणून निकाल हातात आल्यावर ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणणं परवडत नाही.

नेटशिवायही दारं आहेत

सगळं नेटवरच अवलंबून आहे असं समजून कित्येक जण इतर फॉर्म भरतच नाहीत. टीआयएफआर दरवर्षी साधारण डिसेंबरात जेजीबिल्स नावाची परीक्षा घेते. बंगळुरूचं एनसीबीएस आणि इतर काही संस्था तिच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात. तिथे नेट लागत नाही, आणि बी.एस्सी. झालेल्यांनाही एकात्मिक अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो. तिथल्या प्रश्नांत माहितीपेक्षा विचार तपासला जातो, त्यामुळे क्लास न लावलेलं पण डोकं चालवणारं पोर तिथे बाजी मारू शकतं.

बायोटेक्नॉलॉजी विभागाची, म्हणजे डीबीटीची, बीईटी ही वेगळी फेलोशिप परीक्षा आहे. गेटमध्ये लाईफ सायन्सेस, बायोटेक्नॉलॉजी आणि इकॉलॉजी-इव्होल्यूशन असे पेपर आहेत. त्याचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि आयआयटी, आयआयएससीसारख्या संस्थांत उपयोगी पडतो. विद्यापीठात विषयात पहिला नंबर आला असेल तर केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फेलोशिप आहे. या पहिल्या नंबरवाल्यांपैकी काहींना ही योजना माहीतच नसते, हे दुर्दैव.

राणी चन्नम्मा विद्यापीठ, धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, गोवा विद्यापीठ हे सगळे आपापल्या जाहिराती काढतात. त्यांच्या तारखा एकमेकांशी जुळत नाहीत. जाहिरात कधी येईल याचा भरवसा नाही, त्यामुळे वेबसाईट दर आठवड्याला बघण्याला पर्याय नाही.

जवळच्या संस्था

पीएचडी म्हटलं की नजर पुण्या-मुंबईकडे जाते. पुण्यात आयसर, एनसीसीएस, आघारकर संशोधन संस्था, एनसीएल आहेतच. पण बेळगावात आयसीएमआरची पारंपरिक औषधांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे, धारवाडात कृषी विद्यापीठ आहे, दोनापावलाला समुद्रविज्ञान संस्था म्हणजे एनआयओ आहे. हैदराबादच्या मराठी कुटुंबांना सीसीएमबी, सीडीएफडी आणि केंद्रीय विद्यापीठ घराजवळ. वडोदऱ्यात महाराजा सयाजीराव विद्यापीठ, इंदूरला देवी अहिल्या, ग्वाल्हेरला जिवाजी. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत काम करणाऱ्यांना पदवी एसीएसआयआर ही अकादमी देते. तिचे प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि ऑगस्ट सत्रासाठी होतात. ही गोष्ट ठाऊक नसल्याने ‘एनसीएलला पीएचडी मिळते का’ असा प्रश्न अजून विचारला जातो. मिळते.

पैशांचा हिशोब

१ जानेवारी २०२३ पासून जेआरएफचा दर महिना ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी मूल्यमापन होऊन एसआरएफ मिळाली की ४२,०००. यावर केंद्राच्या नियमाने घरभाडे भत्ता. पुणे, बंगळुरू, हैदराबादसारख्या मोठ्या शहरात ३० टक्क्यांनी तो ११,१०० होतो, म्हणजे पहिल्या वर्षी हातात ४८,१०० रुपये. बेळगाव, धारवाड किंवा कोल्हापूरला २० टक्क्यांनी ७,४०० रुपये. संस्थेचं हॉस्टेल घेतलं तर हा भत्ता मिळत नाही. पाच वर्षांची बेरीज केली तर घरभाडं सोडून २४ लाख होतात. वाण्याच्या भाषेत सांगायचं तर सुरुवातीच्या नोकरीच्या मानाने हा सौदा वाईट नाही. भविष्य निर्वाह निधी मात्र नाही, आणि पाच वर्षांत संपेलच याची हमीही नाही.

दुसरी बाजू अशी. फेलोशिप नसताना केंद्रीय विद्यापीठात नॉन-नेट म्हणून ८,००० रुपये महिना मिळतात. हा आकडा वर्षानुवर्षं तिथेच आहे. राज्य विद्यापीठात बऱ्याचदा तेवढेही नसतात. अशा वेळी गाईडच्या प्रोजेक्टवर पगार मिळतो का, किती वर्षांचा प्रोजेक्ट उरला आहे, हे आधीच विचारावं. विचारायला लाजू नये. तीन वर्षांच्या प्रोजेक्टचं शेवटचं वर्ष असताना रुजू झालेला मुलगा पुढच्या वर्षी बिनपगारी होतो, आणि बिनपगारी झाला की घरचे ‘परत ये’ म्हणायला लागतात.

फेलोशिप वेळेवर येते का, हा प्रश्नही घरच्यांनी समजून घ्यावा. तीन-चार महिने पैसे न येणं आणि मग एकदम जमा होणं हे नवं नाही. दर महिन्याचा हप्ता या पैशावर बांधू नये. रुजू होताना दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा, विशेषतः शहरात डिपॉझिट भरून खोली घ्यायची असेल तर.

सीमाभागाची कागदपत्रं

इथे आपल्याकडच्या मुलांना वेगळा त्रास होतो. राज्याच्या यादीत मागास असलेली जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेलच असं नाही, आणि केंद्राची यादी राज्यवार आहे. कर्नाटकाचं ३-अ किंवा ३-बचं प्रमाणपत्र नेटच्या फॉर्मला जोडून ओबीसीवर खूण केली, आणि पडताळणीत उमेदवारी गेली, असं होऊ शकतं. आपल्या जातीचं नाव कर्नाटकासाठीच्या केंद्रीय यादीत आहे का ते आधी बघावं. असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रिमी लेयर दाखला चालू वर्षाचा काढावा. नसेल तर उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे का आणि ईडब्ल्यूएसच्या बाकीच्या अटींत बसतं का ते बघावं. तहसील कार्यालयातून केंद्रीय नमुना मिळवताना दोन-तीन हेलपाटे होतात, म्हणून फॉर्म सुटल्यावर नाही, त्याआधीच कामाला लागावं.

महाराष्ट्रात सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, पण त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. कोल्हापूरला शिकलेल्या बेळगाव-निपाणीच्या मुलाला ‘शिक्षण तिथलं, रहिवास इथला’ असं होऊन बसतं. त्या भरवशावर गाईड नक्की करण्याआधी संस्थेकडून लेखी उत्तर घ्यावं. फोनवरचं ‘होऊन जाईल’ उपयोगाचं नाही. नावाच्या स्पेलिंगचाही घोळ असतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरं, कन्नडमधून इंग्रजी झालेल्या दाखल्यावर तिसरं. ते एम.एस्सी.च्या काळातच एकसारखं करून घ्यावं.

गाईड निवडणं

पीएचडीत विषयापेक्षा माणूस महत्त्वाचा, असं ती केलेले जवळपास सगळेच सांगतात. पाच-सहा वर्षं रोज त्याच माणसाच्या सहीवर सगळं चालतं. फेलोशिपचा फॉर्म, रजा, केमिकलची ऑर्डर, पेपर, थिसिस, पुढच्या नोकरीचं शिफारसपत्र, सगळं. म्हणून नुसतं नाव ऐकून जाऊ नये.

यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहाय्यक प्राध्यापकाला चार पीएचडी विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. ‘जागा आहे का’ हा प्रश्न या आकड्यांवरून विचारायचा.

पत्र लिहिताना ‘रिस्पेक्टेड सर, आय अॅम व्हेरी मच इंटरेस्टेड इन युवर इस्टीम्ड लॅब’ असं एकच मजकूर पन्नास जणांना पाठवलं की ते उघडून लगेच बंद होतं. त्यांचा एखादा अलीकडचा पेपर खरोखर वाचावा, त्यातला एक प्रश्न किंवा आपल्या एम.एस्सी.च्या प्रोजेक्टशी असलेला धागा दोन वाक्यांत लिहावा, सोबत एक-दोन पानांचा बायोडेटा जोडावा. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करून द्यावी. त्यानंतर सोडून द्यावं.

लॅबमधल्या आधीच्या मुलांशी बोलणं हा सगळ्यात भरवशाचा उपाय. तेही लॅबमध्ये नाही, बाहेर चहाच्या टपरीवर. मागच्या पाच विद्यार्थ्यांना किती वर्षं लागली? मध्येच सोडून किती गेले? पेपरवर पहिलं नाव विद्यार्थ्याचं येतं का? रविवारी सुट्टी असते का? घरची कामं सांगतात का? शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण तो विचारावाच लागतो. मुलींनी लॅबमध्ये उशिरापर्यंत थांबावं लागतं का आणि हॉस्टेल किती लांब आहे, हे पण बघावं. तक्रार समितीचं नाव-नंबर पहिल्याच महिन्यात लिहून ठेवावं.

काही संस्थांत लॅब रोटेशन असतं, म्हणजे पहिल्या वर्षात दोन-तीन लॅबमध्ये काही आठवडे काम करून मग गाईड ठरवायचा. ही सोय असेल तर ती संस्था पसंतीत वर ठेवावी.

मुलाखतीत एम.एस्सी.च्या प्रोजेक्टवरच जास्त वेळ जातो. ‘पीसीआर केला’ एवढ्यावर थांबलं की समोरून येणार: का केला, कंट्रोल काय होता, बँड आला नसता तर काय समजला असता? येत नसेल तर ‘माहीत नाही, पण असा विचार करून बघतो’ म्हटलेलं चालतं. थाप मारलेली चालत नाही. इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी अडत नाही, विचार स्पष्ट हवा. फळ्यावर आकृती काढून सांगितलं तर बोलण्याची निम्मी अडचण संपते.

आत गेल्यावर

नियमाने पीएचडी किमान तीन वर्षं, कोर्सवर्क धरून, आणि कमाल सहा वर्षं. पुनर्नोंदणीने दोन वर्षं वाढतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन, पण एकूण दहाच्या वर नाही. बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी पूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत रजा आहे. लग्न होऊन दुसऱ्या गावी जावं लागलं तर काही अटींवर संशोधन दुसऱ्या संस्थेत नेता येतं, अशी तरतूदही नियमात आहे. लग्नामुळे पीएचडी सोडलेल्या मुलींच्या घरात हा नियम कुणी वाचलेला नसतो.

पहिल्या वर्षी १२ ते १६ क्रेडिटचं कोर्सवर्क, त्यात ५५ टक्के लागतात. त्यानंतर दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती सांगायची. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात पहिलं दीड वर्ष काहीच ‘चालत’ नाही. पेशी मरतात, बुरशी येते, मागवलेली अँटिबॉडी तीन महिन्यांनी येते आणि ती चुकीची निघते. घरी फोनवर ‘काय केलंस आज’ विचारलं तर सांगण्यासारखं काही नसतं. हे सगळ्यांचंच होतं. पण ते सगळ्यांचं होतं हे पहिल्या वर्षाच्या मुलाला कुणी सांगत नाही, आणि तो स्वतःलाच नालायक समजू लागतो. लॅबबाहेरचे दोन मित्र, आठवड्याची एक सुट्टी आणि गरज पडल्यास समुपदेशक यांची सोय आधीच करून ठेवावी.

प्राण्यांवर प्रयोग करायचे तर संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीची, माणसांचे नमुने घ्यायचे तर मानवी नीतिमत्ता समितीची मंजुरी आधी लागते. जंगलात काम करणाऱ्यांना वनखात्याची. सह्याद्रीतल्या बेडकांवर किंवा वटवाघळांवर काम करू इच्छिणाऱ्या सीमाभागातल्या मुलांसाठी हा महत्त्वाचा मुद्दा आहे. खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांत रॉटनचं फ्री-टेल्ड वटवाघूळ राहतं. अनेक दशकं ते जगात फक्त इथूनच माहीत होतं. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असल्याने परवानगीशिवाय त्याला हात लावणं हा गुन्हा. आणि चोर्ल्याच्या आसपास काम असेल तर कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र अशा तीन राज्यांत तीन वेगळे अर्ज. बेडकाला सीमा ठाऊक नसते, वनखात्याला असते. परवानगीला सहा महिने धरून चालावं, आणि पावसाळ्यातलं काम असेल तर अर्ज दिवाळीनंतर लगेच टाकावा, नाहीतर अख्खा हंगाम जातो.

थिसिस

थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती २०२२ पासून नाही. काही विद्यापीठं मात्र आपल्या नियमात ती ठेवतात, म्हणून तिथलं परिपत्रक वाचावं. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलच्या नादी लागू नये, मुलाखतीत ते नाव उलट अंगावर येतं. चोरीचा मजकूर तपासायला सॉफ्टवेअर असतं. १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यावा लागतो, ६० पर्यंत एक वर्ष बंदी, त्यापुढे नोंदणीच रद्द. थिसिस लिहून देणाऱ्या दुकानांच्या जाहिराती येतात. त्यांचा माल इथेच पकडला जातो. मान्य झालेला थिसिस शोधगंगा या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुला होतो. नव्यानेही आपल्या विषयातले दोन-तीन थिसिस तिथून उतरवून वाचावेत. विषय निवडताना फार मदत होते.

परदेशात जायचं असेल तर

अमेरिकेत बी.एस्सी.नंतर थेट अर्ज करता येतो, कार्यक्रम पाच-सहा वर्षांचा असतो आणि फीसकट स्टायपेंड मिळतो. बहुतेक अंतिम तारखा डिसेंबरच्या सुरुवातीला, त्यामुळे तीन शिफारसपत्रांसाठी शिक्षकांना सप्टेंबरातच गाठावं. बऱ्याच जीवशास्त्र विभागांनी जीआरई काढून टाकली आहे. अर्जाची फी जड वाटली तर माफीसाठी विनंती करता येते. जर्मनीत मास्टर्स लागते, तीन-चार वर्षांची मुदत असते आणि विद्यार्थी बहुधा पगारी नोकर असतो. तिथल्या माक्स प्लांक संस्थांच्या संयुक्त शाळांचे अर्ज वेगळे. युरोपच्या मारी क्युरी जाळ्यांत अट अशी, की मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं नसावं. भारतातून जाणाऱ्यांना ती सोयीचीच आहे. एजंटला पैसे देऊन पीएचडीची सीट मिळत नाही. कुणी तसं सांगत असेल तर ती फी भरून करायची पदवी असणार.

इंदूरच्या कमला भागवत

पीएचडीच्या दारात अडवलं जाणं नवीन नाही. इंदूरला जन्मलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी आणि लेखिका दुर्गा भागवतांच्या बहीण, यांनी मुंबईहून बी.एस्सी. करून १९३३ मध्ये बंगळुरूच्या आयआयएससीत अर्ज केला. संचालक सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत. शेवटी एका वर्षाच्या अटीवर प्रवेश मिळाला, आणि त्यांचं काम बघून रामन यांनी मुलींसाठी दार उघडलं. पुढे केंब्रिजमध्ये वनस्पतींतल्या सायटोक्रोम-सीवर काम करून १९३९ मध्ये त्यांना पीएचडी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला मानल्या जातात. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या त्या संचालक झाल्या.

पीएचडीनंतर काय

फक्त कॉलेजात प्राध्यापक व्हायचं असेल तर १ जुलै २०२३ पासून नेट, सेट किंवा एसएलईटी ही किमान पात्रता आहे, पीएचडी ऐच्छिक. कर्नाटकात के-सेट आहे, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी एकच सेट. म्हणजे नोकरीसाठीच पाच वर्षं घालायची असतील तर आधी हा हिशोब मांडावा. संशोधनात राहायचं तर पीएचडीनंतर पोस्टडॉक, बहुधा परदेशात, आणि मग संस्थांतल्या मोजक्या जागांसाठी स्पर्धा. कायम नोकरी लागेपर्यंत वय पस्तिशीला येतं. कंपन्यांत हैदराबाद, बंगळुरू, पुणे इथे कामं आहेत, पण तिथे विषयापेक्षा हातातली तंत्रं विचारतात. आकडेवारी आणि थोडं प्रोग्रामिंग येत असेल तर पारडं जड होतं, आणि ते पीएचडी करता करताच शिकून घेता येतं. नोकरीत असलेल्या शिक्षकांना वरिष्ठांचं ना-हरकत पत्र घेऊन अर्धवेळ पीएचडी करता येते. दूरशिक्षणाने किंवा ऑनलाईन केलेली पीएचडी मात्र धरली जात नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.